‘ह्याला पेनिसिलिन चालत नाहीं!’

मुलाचा कान दुखतो, ताप चढतो. डॉक्टर पेनिसिलिनच्या कुळांतील अमॉक्सिसिलिन देतात, आणि तिसऱ्या दिवशीं अंगभर पुरळ उठतें. ‘औषध बाधलें’ असा निकाल घरांतील वडील मंडळी तत्काळ देतात, व ‘ह्याला पेनिसिलिन चालत नाहीं’ हें वाक्य त्या मुलास जन्माचें चिकटतें. एकत्र कुटुंबांत तर तोच शिक्का चुलतभावंडांवरहि बसतो. एवढा मोठा निकाल इतक्या अल्प पुराव्यावर देऊं नये, असें आमचें मत आहे.

लहानपणचे पुष्कळ ताप विषाणूंमुळें येतात, आणि कित्येक विषाणू स्वतःच पुरळ उठवितात. औषध चालू असतांना पुरळ आलें, म्हणून तें औषधानेंच आलें असें ठरत नाहीं. कॅनडांतील मॉन्ट्रियल येथें अशी शंका असलेल्या ८१८ मुलांस अमॉक्सिसिलिन पुन्हा देऊन पाहण्यांत आलें: आधीं मात्रेचा दहावा भाग, मग उरलेली मात्रा, आणि सर्व डॉक्टरांच्या नजरेखालीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासांत शेंकडा ९४ मुलांस कांहींहि झालें नाहीं. १७ जणांस लगेच व ३१ जणांस उशिरानें त्रास झाला.

चुकीचा शिक्का निरुपद्रवी नसतो. साधें, गुणकारी औषध वर्ज्य झाल्यामुळें अनेकदां अधिक व्यापक व महागडीं औषधें द्यावीं लागतात, आणि जंतू त्यांस दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो.

म्हणून पुरळ दिसतांच डॉक्टरांस दाखवावें, आणि टिपून ठेवावें: औषध कोणतें, कितव्या मात्रेनंतर व किती वेळानें पुरळ आलें, गांधी होत्या कीं बारीक पुटकुळ्या, किती दिवस टिकल्या. एक छायाचित्रहि काढावें. ह्या टिपणावरून त्वचेची चाचणी हवी कीं थेट देखरेखीखालील मात्रा, हें तज्ज्ञ ठरवितात. आत्याला वा काकांना औषध सोसत नाहीं, एवढें कारण मुलास तें नाकारण्यास पुरेसें नाहीं.

मात्र श्वास कोंडणें, तोंड सुजणें, मूर्च्छा येणें, किंवा कातडी सोलवटून तोंडांत व डोळ्यांत फोड येणें, हीं भयसूचक लक्षणें होत. तीं दिसतांच औषध थांबवून रुग्णालय गांठावें. कातडी सोलवटलेल्या मुलास तें औषध पुन्हा कधींच देऊं नये. आणि घरीं ‘थोडें देऊन पाहूं’ हा प्रयोग कोणाच्याहि बाबतींत करूं नये. शंका जपून ठेवण्यापेक्षां ती योग्य ठिकाणीं तपासून घेणें, हेंच मुलाच्या हिताचें आहे.