कोगनोळी नाक्यावर फोन काय करतो?

सव्वा लाखाचा फोन हातात आला की त्याची कड एकदा नखाने चाचपून पाहा. धातूची ती चौकट सलग वाटते, पण मध्ये मध्ये मिलिमीटरभर रुंदीच्या फिकट रेघा लागतात. दुकानदार काउंटरवर स्क्रीन दाखवतो, कॅमेरा दाखवतो, या रेघा कुणी दाखवत नाही. बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या गिऱ्हाइकाला मात्र पहिल्यांदा त्याच दाखवायला हव्यात. त्या प्लास्टिकच्या आहेत आणि धातूची चौकट त्यांनी मुद्दाम तोडलेली आहे. दोन रेघांमधले तुकडे अँटेनाचे काम करतात. ज्या चौकटीला आपण फोनचा सांगाडा समजतो, तीच त्याचे कान आणि तोंड आहे.

तुकड्यांची लांबीही उगाच कमी-जास्त नसते. आपल्याकडच्या ५जी सेवेचा एक मोठा पट्टा ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास आहे. त्या लहरीची लांबी भरते साधारण साडेआठ सेंटिमीटर. ७०० मेगाहर्ट्झची लहर मात्र ४३ सेंटिमीटरची. अँटेना साधारण लहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढी असली की तिचे काम चांगले होते. म्हणजे एका लहरीला दोन सेंटिमीटरचा तुकडा पुरतो, दुसरीला बोटभर लांबीहून मोठा लागतो, आणि हे सगळे तळहातावर मावणाऱ्या वस्तूच्या कडेला बसवायचे. शिवाय ती वस्तू कुणीतरी घामेजल्या हाताने घट्ट धरणार, हेही गृहीत धरून!

आता तो फोन खिशात टाकून बेळगावहून कोल्हापूरच्या गाडीत बसा. हत्तरगी, संकेश्वर, तवंदीचा घाट, निपाणी, मग राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका आणि पुढे दूधगंगा ओलांडून कागल. या रस्त्यावर आपण डुलक्या काढतो, पण फोनला क्षणाची उसंत नसते. ज्या टॉवरशी तो जोडलेला आहे त्याची ताकद तो मोजत असतो आणि आजूबाजूच्या टॉवरांचीही मोजत असतो. मोजायचे तरी किती थोडे! रेंजच्या एक-दोन काड्या उरलेल्या असताना फोनपर्यंत पोचणारी शक्ती एका वॅटच्या दहा लाख कोटींव्या हिश्श्याएवढी असू शकते. उलट बाजूने फोन ओरडतो तो सहसा जास्तीत जास्त वॅटच्या पाचव्या हिश्श्याने. एवढ्या ताकदीवर उसाच्या फडांवरून आणि तंबाखूच्या शिवारांवरून आपला आवाज पलीकडे जातो.

त्यातही वेळेचे गणित आहे. एकच टॉवर एकाच वेळी कितीतरी फोनांशी बोलतो. प्रत्येकाचे बोलणे ठरल्या क्षणी त्याच्यापाशी पोचले पाहिजे, नाहीतर एकावर एक आदळून सगळा गोंधळ होईल. लांबच्या फोनचा संदेश पोचायला जास्त वेळ लागतो, म्हणून टॉवर त्याला सांगतो, ‘तू जरा आधी बोल.’ ४जीमध्ये हे ‘आधी’ सुमारे अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या पायऱ्यांनी ठरते, आणि एक पायरी म्हणजे जमिनीवरचे सुमारे ७८ मीटर. गाडी घाट उतरत असते, अंतर पालटत असते आणि ही दुरुस्ती न बोलता चालूच असते. डोंगराच्या कडेला एकच लहर आपटून तिच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या वाटांनी येतात. वरच्या दर्जाच्या फोनला बऱ्याच पट्ट्यांत चार-चार अँटेनांनी ऐकता येते. या भरकटलेल्या प्रती तो वेगवेगळ्या पकडतो आणि जुळवून त्यातून जास्त माहिती काढतो. स्वस्त फोनात अशा ठिकाणी बहुधा दोनच अँटेना असतात. घाटात शेजारच्या प्रवाशाची रेंज जाते आणि आपली टिकते, त्याचे एक कारण इथे सापडते.

आणि मग नाका येतो. भारतात दूरसंचाराचे २२ परवाना-विभाग आहेत, ज्यांना आपण सर्कल म्हणतो. निपाणी कर्नाटक सर्कलमध्ये, कागल महाराष्ट्र सर्कलमध्ये. सिममध्ये साठवलेल्या ओळख-क्रमांकात हे कोरलेलेच असते. एअरटेलचे कर्नाटकातले सिम असेल तर त्या क्रमांकाची सुरुवात ४०४ ४५ अशी होते, महाराष्ट्रातले असेल तर ४०४ ९०. त्यातला ४०४ हा भारताचा आकडा. टॉवरही आपला असाच आकडा सतत जाहीर करत असतो. कोगनोळीच्या पुढे कुठेतरी फोनला कर्नाटकाचा आकडा क्षीण ऐकू येऊ लागतो, महाराष्ट्राचा ठळक होतो आणि तो पलीकडच्या जाळ्यात आपली नोंद करतो. ही नोंद होताना पलीकडचे जाळे मूळ सर्कलला विचारून घेते की हे सिम खरे का. सिममधली गुप्त किल्ली मात्र सिम सोडून कुठेही जात नाही. पलीकडून एक यादृच्छिक आकडा येतो, सिम त्या किल्लीने त्याचे उत्तर काढते आणि फक्त उत्तर परत जाते. नाक्यावरची गाडी पुढे सरकण्याच्या आत हे उरकलेले असते.

लहरींना सीमा ठाऊक नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचनेत दोन राज्यांमधली ही रेघ आखली गेली, २००४ पासून तिचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि तिच्यासाठी इथल्या दोन-तीन पिढ्यांनी आयुष्य वेचले. टॉवरची लहर मात्र शेताच्या बांधावर थांबत नाही. सीमेलगतच्या गावांत घरात बसून पलीकडच्या सर्कलचा टॉवर मिळतो तो याच कारणाने. रोमिंगचे वेगळे दर होते तेव्हा याची झळ खिशाला बसायची आणि दोन राज्यांची दोन सिमे बाळगण्याची रीत इथे चांगली रुजली होती. २०१७ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी देशांतर्गत रोमिंगचे दर काढून टाकले. त्याआधी ३ जुलै २०१५ पासून नंबर न बदलता दुसऱ्या सर्कलला जाता येऊ लागले होते. एक गंमत नकाशात पाहण्यासारखी आहे. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवाही येतो. म्हणून बेळगावचा माणूस उत्तरेला कागलला गेला काय किंवा चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यात गेला काय, त्याचा फोन दोन्हीकडे एकाच सर्कलमध्ये शिरतो.

नकाशावरचा निळा ठिपका हे आणखी एक नवल. तो जीपीएसच्या उपग्रहांवरच्या अणुघड्याळांच्या जिवावर चालतो. आइन्स्टाइनने सांगितल्याप्रमाणे वेग आणि उंचीवरचे कमी गुरुत्व यांच्या एकत्रित परिणामाने ती घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जाऊ पाहतात. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो. दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात अकरा किलोमीटरची चूक साचेल, आणि निपाणीच्या चौकात उभ्या माणसाला नकाशा कोगनोळीकडे कुठेतरी दाखवेल.

उदाहरणादाखल एकच फोन घेऊ, जानेवारी २०२५ चा सॅमसंगचा गॅलॅक्सी एस२५ अल्ट्रा. बाजारात आला तेव्हा किंमत १,२९,९९९ रुपयांपासून. त्याच्या चिपचा सर्वांत वेगवान भाग सेकंदाला ४४७ कोटी ठोके देतो. एका ठोक्याच्या अवधीत प्रकाशही ६.७ सेंटिमीटरच जातो आणि फोनची रुंदी आहे पावणेआठ सेंटिमीटर. या कडेपासून त्या कडेला प्रकाश पोचायच्या आत चिपचे एक पाऊल पडून गेलेले असते. मी हा हिशोब कागदावर दोनदा मांडून पाहिला, कारण मनाला पटेना.

कॅमेऱ्याची गोष्ट त्यामानाने सर्वांना दिसते, पण आत काय घडते ते दिसत नाही. येळ्ळूरच्या शिवारात उभे राहून राजहंसगडावरचा शिवरायांचा पुतळा जवळ आणायचा तर भिंगापासून सेन्सरपर्यंत लांबी हवी, आणि या फोनची जाडी तर अवघी ८.२ मिलिमीटर. म्हणून आत लोलक बसवून प्रकाश काटकोनात वळवतात आणि भिंगांची रांग फोनच्या पोटात आडवी मांडतात. मुख्य कॅमेऱ्याचे २०० मेगापिक्सेल ऐकून आपण दिपतो, पण त्यातला एकेक पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा, केसाच्या जाडीत शंभराहून जास्त बसतील एवढा. इतक्या चिमुकल्या खिडकीतून रात्री प्रकाश येणार किती? म्हणून फोन सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून एक मोठा मानतो आणि नेहमीचा फोटो १२ मेगापिक्सेलचाच देतो. अनंत चतुर्दशीला बेळगावात कपिलेश्वर तलावाकडे जाणाऱ्या मूर्तीचा फोटो काढताना आपण बटण एकदाच दाबतो. फोन एकापाठोपाठ अनेक चित्रे घेतो, हाताचा कंप आणि गर्दीची हालचाल ओळखून ती एकमेकांवर बसवतो, गुलालाने धूसर झालेल्या हवेत चित्रात उमटणारा ठिपक्यांचा गोंगाट गाळतो आणि मूर्तीच्या डोळ्यांतले तेज शाबूत ठेवतो. मोठा सेन्सर आणि ताकदीची चिप यांचे पैसे इथे दिसतात.

पण या पट्ट्यात फोनमधली सर्वांत सुंदर गोष्ट मला वेगळीच वाटते. इथल्या हजारो फोनांच्या कीबोर्डवर मराठी आणि कन्नड शेजारी शेजारी असतात. स्पेसची कळ जराशी सरकवली की लिपी बदलते. आत काय होते ते एका नावावर पाहू. ‘निपाणी’ फोनमध्ये सहा आकडे म्हणून साठते: २३४४, २३६७, २३४६, २३६६, २३३९, २३६८. म्हणजे न, ऱ्हस्व वेलांटी, प, काना, ण, दीर्घ वेलांटी. वेलांटी डोळ्याला आधी दिसते, पण साठवणीत न आधी आणि वेलांटी मागून. पडद्यावर ती उचलून पुढे नेण्याचे काम अक्षरे जुळवणारा प्रोग्रॅम करतो. अँड्रॉइडमध्ये त्याचे नाव हार्फबझ. आता या सहाही आकड्यांत ८९६ मिळवा: ३२४०, ३२६३, ३२४२, ३२६२, ३२३५, ३२६४. पडद्यावर कन्नड लिपीत ‘निपाणी’ उमटेल! कन्नड पाटीवर प जोडून आणि शेवट ऱ्हस्व करून लिहितात, एवढाच फरक राहील. क असो, म असो, ळ असो, अंतर तेच ८९६.

हा योगायोग नाही. एकोणिसशे ऐंशीच्या दशकात भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची संहिता घडली. आपल्या लिप्या ब्राह्मीच्या कुळातल्या, वर्णमालेचा क्रम एकच, म्हणून सर्वांना एकच सामाईक चौकट द्यायची हा तिचा विचार. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिने इस्कीचीच मांडणी उचलली आणि प्रत्येक लिपीला समान आखलेला तुकडा दिला. ऱ्हस्व ए दक्षिणेच्या भाषांना लागतो, म्हणून देवनागरीच्या तुकड्यातही त्याचे घर राखलेले आहे. ‘कॉलेज’मधल्या अर्धचंद्राला मात्र कन्नड तुकड्यात घर रिकामेच आहे, तिथे ८९६ मिळवले तर अक्षराऐवजी पोकळ चौकोन येतो. सुपारीवाल्या आजोबांना नातवाने मराठीत आणि कन्नड शाळेतल्या मित्राला कन्नडमध्ये निरोप पाठवला, तर दोन्ही निरोप एकाच आराखड्याच्या दोन मजल्यांवरून निघतात.

ही करामत दहा हजारांच्या फोनमध्येही हुबेहूब अशीच चालते. तेव्हा सव्वा लाख कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. माझे मत असे की दर दोन वर्षांनी फोन बदलणाऱ्याने एवढे पैसे घालू नयेत. एस२५ अल्ट्राला कंपनीने सात वर्षे अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या आणि सुरक्षा-अपडेट देण्याचे कबूल केले आहे, म्हणजे २०३२ पर्यंत. तितका काळ वापरला, मध्ये एकदा बॅटरी बदलली, तर बॅटरीचा खर्च सोडून वर्षाला साडेअठरा हजारांच्या आसपास पडतो. घाटमाथ्यावर राहणारा, रोज सीमा ओलांडणारा, फोटोवर पोट असणारा, यांना तो परवडेल. बाकीच्यांना मधल्या दराचा फोन पुष्कळ आहे.

घ्यायचा कुठे, बेळगावात की कोल्हापुरात? व्हॅट होता तोवर दोन्ही राज्यांचे दर वेगळे असत आणि फोन कुठे स्वस्त पडतो याची चौकशी व्हायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. एप्रिल २०२० पासून मोबाइलवर तो १८ टक्के आहे. १,२९,९९९ मध्ये जवळपास १९,८०० रुपये कराचे. बेळगावच्या खडेबाजारात घेतला तर त्यातला अर्धा कर्नाटकाला, कोल्हापुरात घेतला तर अर्धा महाराष्ट्राला, उरलेला अर्धा दोन्हीकडे केंद्राला. गिऱ्हाइकाला दोन्हीकडे आकडा तोच. फरक पडतो तो जुन्या फोनच्या बदलीच्या भावात आणि बँकेच्या सवलतीत, तिथे जरूर घासाघीस करा.

पैसे देण्याआधी डायलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख-क्रमांक, येतो. दोन सिमचा फोन असेल तर दोन येतात. पंधरावा आकडा आधीच्या चौदांवरून ठरलेल्या रीतीने काढलेला असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकीचा लिहिला गेला की हिशोब जुळत नाही आणि चूक उघडी पडते. खोक्यावरचा, पडद्यावरचा आणि बिलावरचा क्रमांक एकच आहे ना, ते बघा. जुना फोन घेत असाल तर केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, मग मोकळी जागा आणि हा क्रमांक, असा एसएमएस १४४२२ ला पाठवा. या एसएमएसमागची फोन-क्रमांकांची नोंदवही मे २०२३ पासून देशभर लागू आहे. निपाणीत चोरीला गेलेला फोन तक्रारीनंतर त्यात अडवला गेला की कागलच्या टॉवरवर दुसरे सिम घालूनही चालत नाही.