वस्तीचे निवासयोग्यत्व : भिवंडी ते अकलोली

प्रस्तावना

‘वस्ती चांगली आहे’ हे विधान व्यवहारात सहज केले जाते. परंतु ते कोणत्या आधारावर केले जाते, याचा विचार क्वचितच होतो. केंद्र शासनाने 2018 साली 111 शहरांचा राहणीमानविषयक निर्देशांक जाहीर केला. त्यात पुणे प्रथम, तर ठाणे सहाव्या क्रमांकावर होते. असे क्रमांक प्रशासनास उपयुक्त ठरत असतील. घर शोधणाऱ्या कुटुंबास त्यांचा फारसा उपयोग नाही, कारण कुटुंब शहरात नव्हे, गल्लीत राहते. भिवंडी शहर व याच तालुक्यातील अकलोली यांच्या संदर्भात वस्तीची पारख कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वेळेचा प्रश्न

2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 7 लाख 9 हजार लोकसंख्येच्या भिवंडीत यंत्रमाग आणि घर यांच्यात अनेक ठिकाणी केवळ एका भिंतीचे अंतर असते. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा 55 व रात्री 10 ते सकाळी 6 या काळात 45 डेसिबल आहे. दिवसा घर पाहावयास गेलेल्या व्यक्तीस या नियमाचे महत्त्व कळत नाही, कारण रहदारीच्या गोंगाटात मागांची खडखड मिसळून जाते. रात्रपाळीत मात्र तीच एकटी ऐकू येते. म्हणून घर एकदा दिवसा व एकदा रात्री पाहावे, आणि शक्य झाल्यास जुलैच्या मुसळधार पावसातही. कामवारी नदीच्या पुराचे पाणी कोणत्या पायरीपर्यंत येते, हे भिंतीवरील ओल सांगते. नवा रंग ती लपवतो. नळाला पाणी कधी येते व किती वेळ टिकते, हे दलालापेक्षा शेजारची गृहिणी अधिक अचूक सांगते.

इमारत आणि नाइलाज

21 सप्टेंबर 2020 रोजी पहाटे धामणकर नाक्याजवळील पटेल कंपाउंडमध्ये जिलानी ही इमारत कोसळली. रहिवासी झोपेत असताना घडलेल्या या दुर्घटनेत सुमारे 40 जणांना प्राण गमवावे लागले. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265-अ नुसार 30 वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण बंधनकारक आहे. धोकादायक इमारतींच्या वर्गवारीत ‘सी-1’ म्हणजे तत्काळ रिकामी करावयाची इमारत. भाडे ठरविण्यापूर्वी परीक्षणाचा दाखला पाहणे व पालिकेच्या यादीत इमारतीचे नाव शोधणे, ही पारखेची पहिली पायरी होय. प्रत्यक्षात ती बहुधा शेवटची ठरते, किंवा येतच नाही.

येथे एक अडचण लक्षात घेतली पाहिजे. धोकादायक इमारतीत राहणारे सगळेच अज्ञानी नसतात. कारखाना पायी चालण्याच्या अंतरावर असतो, अनामत रक्कम अडकलेली असते, मुलांची शाळा त्याच गल्लीत असते, आणि परवडेल असे दुसरे घर मिळत नाही. अशा कुटुंबास ‘वस्ती चांगली आहे का?’ असे विचारल्यास ते होकारार्थी उत्तर देईल, आणि ते सर्वस्वी खोटेही नसेल. म्हणजे निवासयोग्यत्व ठरविताना पर्याय निवडण्याची मुभा कोणाला आहे, हा प्रश्न टाळता येत नाही. सर्वेक्षणातील ‘समाधानी’ या रकान्याचा अर्थ म्हणूनच जपून लावावा लागतो.

शेजार

जेन जेकब्ज या अमेरिकी लेखिकेने 1961 साली असे प्रतिपादन केले, की रस्ता सुरक्षित ठेवतात ते प्रामुख्याने पोलीस नव्हेत, तर दुकानदार, रहिवासी व येणारे-जाणारे यांची सहज नजर. भिवंडीचा अनुभव या विचाराला पूरक आहे, त्याच वेळी त्यात भरही घालतो. 1970 व 1984 या दोन्ही वर्षी शहरात भीषण दंगली झाल्या. गजबजलेल्या गल्ल्या तेव्हाही होत्या. नजर होती, विश्वास नव्हता. 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. दोन्ही समाजांतील सामान्य माणसे पोलिसांसह नियमित एकत्र बसू लागली. 1992-93 मध्ये मुंबई होरपळत असताना भिवंडी शांत राहिली. वस्ती पाहताना येथील माणसे एरवी, म्हणजे भांडण नसताना, कोठे एकत्र येतात, हे विचारणे त्यामुळे उचित ठरते.

अकलोलीचे उदाहरण

वज्रेश्वरीलगतची अकलोली तानसा नदीकाठच्या गरम पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध आहे. शहराच्या धुरळ्यातून रविवारी तेथे आलेल्या कुटुंबास ‘राहावे तर येथेच’ असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु रविवार हा कोणत्याही तीर्थस्थानाचा फसवा दिवस! सोमवारी महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीस परतीची एस. टी. किती वाजता आहे, रात्री प्रसूतीसाठी कोठे न्यावे लागते, हे कुंडाकाठी कळत नाही. वरच्या अंगास असलेले तानसा धरण 1892 पासून मुंबईला पाणी पुरविते. पावसाळ्यात ते भरून वाहू लागले, की नदीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा दिला जातो. घर घेणाऱ्याने ऑगस्टमधील अशा एखाद्या दिवशी पुलावर उभे राहून नदी पाहावी व गावातील वृद्धास पाण्याची जुनी खूण विचारावी. मुंबईकराच्या नळाला येणारे आणि अकलोलीच्या काठाला लागणारे पाणी एकाच धरणाचे असते.