गोरिलांची शिरगणती

पर्वतीय गोरिला रोज संध्याकाळी नवं अंथरूण घालतो. फांद्या-पाला मोडून खाली दाबायचा, रात्रभर झोपायचं, तिथंच घाण करायची आणि सकाळी चालू पडायचं. या अजागळपणाच्या जोरावरच त्यांची शिरगणती चालते! पथकं माग काढत जातात, रिकामी अंथरुणं मोजतात. विष्ठेच्या आकारावरून वयाचा अंदाज येतो. सोबत रुपेरी केस सापडले, की तिथं रुपेरी पाठीचा नर झोपला होता हे समजायचं. विष्ठेतल्या डीएनएवरून तर एकेक प्राणी वेगळा ओळखता येतो, आणि त्यासाठी तो नजरेला पडावाही लागत नाही.

गेल्या दशकातल्या मोजणीत रवांडा, युगांडा आणि काँगो यांच्या सीमेवरच्या विरुंगा ज्वालामुखींच्या रांगेत ६०४ आणि ब्विंडी-सारांब्वेच्या जंगलात ४५९ गोरिला निघाले. जगभरात पर्वतीय गोरिला ते एवढेच. पण १९८०च्या सुमारास विरुंगात जेमतेम अडीचशे उरले होते, आणि मादीला साधारण चार वर्षांतून एकच पिल्लू होतं!

वन्यप्राण्यांना त्यांच्या वाटेनं जाऊ द्यावं, असं आपण मानतो. इथं ते चाललं नसतं. विरुंगातल्या ज्या टोळ्यांना माणसांची सवय करून दिली, ज्यांना वनरक्षक रोज भेटतात, त्या वर्षाला सुमारे चार टक्क्यांनी वाढल्या. बिनओळखीच्या टोळ्या मात्र किंचित घटत होत्या, असं २०११च्या अभ्यासात दिसलं. रोज भेटल्यावर जखम लगेच लक्षात येते आणि पशुवैद्य जंगलातच उपचार करतात. अर्थात जवळीक महागही पडते. आपली साधी सर्दी त्यांना जिवावर बेतू शकते. म्हणून पर्यटकांना तासभरच थांबता येतं, तेही अंतर राखून.

जखमांचं एक कारण म्हणजे शिकाऱ्यांचे फास. ते लावले जातात हरणांसाठी; अडकतात गोरिलांची पिल्लं. २०१२मध्ये रवांडात असा एक फास काढायला गोरिलांचा माग काढणारा कर्मचारी पुढे सरसावला, तर टोळीतल्या मोठ्या नरानं गुरगुरून त्याला थोपवलं. तेवढ्यात चारेक वर्षांची दोन पोरं धावली. एकानं फास बांधलेल्या वाकलेल्या फांदीवर उडी मारून ती मोडली, दुसऱ्यानं दोरीचा फास सोडवला. मग त्यांनी जवळचा आणखी एक फास हुडकून मोडला. तो त्या कर्मचाऱ्याला दिसलाही नव्हता.