लिफ्ट न करता मोठे टायर बसवायचेत? वाशिमच्या काळ्या मातीत आधी मडगार्डमधली जागा मोजा

बोलेरो असो वा थार, एक माप मोठा टायर बहुतेक वेळा बसतो. खरा प्रश्न तो बसल्यानंतर चिखलात, वळणावर आणि समृद्धी महामार्गावर काय होते, हा आहे.

सोयाबीनच्या पेरणीनंतर जोराचा पाऊस झाला, की वाशिम जिल्ह्यातल्या पांदण रस्त्यांवर गाड्या रुतायला लागतात. रात्री-अपरात्री तांड्यावरून पेशंटला मानोरा किंवा मंगरुळपीरला आणायचे असेल, तर ही गैरसोय राहत नाही, ती अडचण होते. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘मोठे टायर टाक’.

गाडी उंच करण्याचा एक मार्ग सस्पेन्शन लिफ्टचा आहे. त्यात स्प्रिंग किंवा पाटे आणि शॉकअप बदलून बॉडी वर उचलली जाते. खर्च मोठा, शिवाय गाडीचा तोलही बदलतो. म्हणून बहुतेकांना सस्पेन्शनला हात न लावता फक्त टायर बदलायचे असतात. हे करता येते, पण त्याची मर्यादा फार लवकर येते. ती कुठे येते हे समजायला थोडे गणित लागेल. सातवीचे आहे, घाबरू नका.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

बोलेरोच्या टायरवर २१५/७५ आर १५ असे लिहिलेले असते. टायरची रुंदी २१५ मिमी. बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे साधारण १६१ मिमी. रिम १५ इंचांची, म्हणजे ३८१ मिमी. वरची भिंत, खालची भिंत आणि रिम यांची बेरीज केली, की पूर्ण चाकाची उंची ७०३ मिमीच्या आसपास येते.

आता त्याच रिमवर २३५/७५ टायर घातला, तर चाक ७३३ मिमीचे होते. ३० मिमी वाढले. पण गाडी ३० मिमी वर उचलली जात नाही. अॅक्सल चाकाच्या मध्यावर असतो, त्यामुळे वाढीची निम्मीच उंची खाली मिळते. म्हणजे १५ मिमी, बोटाच्या जाडीएवढी. हौशी मंडळींचा लाडका ३१ इंची टायर घेतला तर चाक कागदावर ७८७ मिमीचे होते आणि खाली ४२ मिमी जास्त मिळतात.

हे ४२ मिमी क्षुल्लक नाहीत. उलट टायरच्या बाजूने एक मुद्दा मान्य करायलाच हवा. बोलेरोच्या किंवा थारच्या मागच्या अॅक्सलच्या मध्ये जो गोल डबा लोंबकळतो, त्या डिफरन्शियलला लिफ्टने एक मिलीमीटरही उंची मिळत नाही. लिफ्टने फक्त बॉडी वर जाते. चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर तो डबा टेकतो आणि चाके हवेत फिरत राहतात. त्याला वर उचलणारी एकच गोष्ट आहे, मोठे चाक. मोठ्या टायरची मागणी चुकीची नाही. ती किती ताणायची, हा प्रश्न आहे.

मडगार्डमधली पोकळी रिकामी नसते

इंटरनेटवर या विषयाचे बहुतेक व्हिडिओ वाळवंटातले, खडकाळ डोंगरातले किंवा परदेशातले असतात. तिथे टायर आणि मडगार्ड यांच्यात घासणार नाही इतकी जागा उरली, की काम झाले. आपली काळी माती वेगळी आहे. ओली झाली की ती फुगते आणि चिकटते. चपलेला लागलेला थर प्रत्येक पावलाला जाड होत जातो, हे शेतात जाणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. पावसाळ्यात पांदणीने गेलेल्या मोटारसायकलचे पुढचे चाक मडगार्डमध्ये चिखल भरून जाम होते आणि काडीने तो खरवडत बसावे लागते. कित्येक जण त्या चार महिन्यांसाठी पुढचे मडगार्ड काढूनच ठेवतात.

चारचाकीत हेच घडते, फक्त हळूहळू. लिफ्ट न करता मोठा टायर घातला, की तो वरची, पुढची आणि मागची मोकळी जागा खातो. नेमकी हीच जागा काळ्या चिखलाला बाहेर पडण्यासाठी लागते. कोरड्या रस्त्यावर कुठेही न घासणारा टायर चिखलात अर्ध्या किलोमीटरवर चाकघरात ठासून भरतो. माती प्लास्टिकचे अस्तर ओढून काढते, स्टिअरिंग जड होते आणि इंजिनची ताकद चिखल मळण्यात जाते. रुतू नये म्हणून घेतलेला टायरच गाडी रुतवतो.

म्हणून या जिल्ह्यासाठी आमचे मत स्पष्ट आहे. लिफ्ट करायची नसेल, तर मूळ चाकापेक्षा ३ ते ४ टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. बोलेरोला २३५/७५ म्हणजे शेवटची पायरी समजा. ३१ इंची टायर जवळपास १२ टक्के मोठा आहे. तो पत्रा कापल्याशिवाय नीट बसला असे कुणी सांगितले, तर त्याची गाडी भर आषाढात पाहून या.

घासते कुठे, आणि तपासायचे कसे?

गाडी सपाट जागी उभी असताना सगळे ठीक दिसते. टायरवाल्याच्या दुकानासमोर घेतलेला फोटो म्हणूनच काहीच सिद्ध करत नाही. पुढचे चाक पूर्ण वळवले, की ते बंपरच्या मागच्या कोपऱ्याला, मडफ्लॅपला किंवा आतल्या बाजूला चॅसीला भिडते. एक चाक खड्ड्यात आणि एक उंचवट्यावर असले, की वरच्या चाकाचा स्प्रिंग दाबला जातो आणि टायर चाकघराच्या छताला लागतो.

यासाठी शेताचा धुरा उत्तम. एक पुढचे चाक धुऱ्यावर चढवा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवा आणि तसेच थोडे पुढे-मागे जा. रिव्हर्स विसरू नका, अनेकदा घासण्याची जागा रिव्हर्समध्येच सापडते. मग दुसऱ्या चाकाने हेच करा. चाकघराच्या आत खडू घासून ठेवला, तर टायर कुठे लागला ते पुसलेल्या जागेवरून कळते. बोलेरोत आणखी एक गोष्ट. मागे पाटे आहेत. सात माणसे किंवा सोयाबीनची पोती भरल्यावर ते चांगलेच बसतात, त्यामुळे मागची चाके रिकाम्या गाडीत तपासून उपयोग नाही.

घासत असेल तर स्पेसर लावून चाक बाहेर काढण्याचा उपाय सुचवला जातो. त्याने आतले घासणे थांबते, पण बाहेर आलेले चाक वळताना मोठा घेर घेते आणि बंपरला जास्त लागते. बेअरिंगवरचा ताणही वाढतो. प्लास्टिकचे अस्तर थोडे कापणे वेगळे, पत्रा कापणे वेगळे. दुसऱ्याच्या नादी लागू नये.

बैलगाडीचे चाक अरुंद का असायचे?

मोठा टायर म्हटले की आपण रुंद टायर समजतो. चिखलात हे नेहमी खरे नाही. जुन्या लाकडी बैलगाडीचे चाक उंच आणि अरुंद असायचे. महायुद्धातल्या विलीज जीपला ६.००-१६ मापाचे सडपातळ टायर होते. वरचा थर मऊ आणि खाली घट्ट जमीन असेल, तर अरुंद चाक तो थर कापून खाली पकड शोधते. रुंद चाक चिखल पुढे ढकलत बसते. चिखलाला तळच नसेल तेव्हा मात्र रुंद टायर वर तरंगतो आणि तोच बरा पडतो. पांदणीत बहुधा पहिला प्रकार असतो.

थारचे उदाहरण घ्या. १६ इंची रिमच्या थारला कंपनी २४५/७५ टायर देते. २६५/७५ घातला तर चाक ८०४ मिमीचे होते. २३५/८५ घातला तर ८०६ मिमीचे, म्हणजे उंची जवळपास तीच, पण रुंदी ३० मिमीने कमी. वळताना घासण्याची शक्यताही तितकीच कमी. हे माप मिळेल का, हे आधी दुकानात विचारावे लागेल. गंमत म्हणजे थारच्या १८ इंची रिमवर येणारा कंपनीचाच २५५/६५ टायर १६ इंचीपेक्षा १५ मिमी उंच आहे.

समृद्धीवर गेल्यावर

कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. त्यामुळे सकाळी पांदणीत असलेली गाडी दुपारी तिथे १०० च्या वेगात असू शकते. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, चाक बदलले हे त्याला कळत नाही. ३१ इंची टायरच्या बोलेरोत काटा १०० वर असेल, तेव्हा हिशेबाने खरा वेग ११२ असतो. एक माप मोठ्या टायरला तो १०४ येतो. कंपनीचे मीटर मुळात थोडा जास्त वेग दाखवते, त्यामुळे एवढा फरक त्यात बराचसा मुरतो. किलोमीटरही कमी नोंदले जातात. ३१ इंची टायरवर मीटर १०,००० म्हणेल, तेव्हा गाडी जवळपास ११,२०० चाललेली असते. ऑइल बदलायचा हिशेब त्याने चुकतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

त्याहून गंभीर गोष्ट ब्रेकची. चाक मोठे झाले पण ब्रेक तोच राहिला, तर गाडी तितक्याच अंतरात थांबवायला ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो. जड टायरमुळे त्यात भर पडते. ओढण्याची ताकदही ३१ इंचीवर साधारण ११ टक्क्यांनी घटते. चढावर गिअर खाली टाकावा लागतो आणि डिझेल जास्त जाते.

टायर घेताना मापाच्या पुढचा आकडा आणि अक्षरही वाचा. १००टी म्हणजे एक टायर ८०० किलो भार आणि ताशी १९० किमी वेग सहन करू शकतो. मूळ टायरपेक्षा कमी भारक्षमतेचा टायर घेऊ नका. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर चारही चाके एकाच मापाची हवीत, आणि स्टेपनीसुद्धा. म्हणजे खर्च चार नव्हे, पाच टायरचा.

आरटीओ आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका पक्की केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दारावरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये कंपनीने दिलेले माप निर्धास्त. त्याबाहेरचे माप घ्यायचे असेल, तर आधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. अपघातानंतर सर्व्हेअरने टायरचे माप पाहून क्लेमवर आक्षेप घेतला, तर तो वाद तुमच्याच अंगावर येतो.

आधी हवा कमी करून पाहा

साध्या बोलेरोत फक्त मागची चाके गाडी ढकलतात. तिच्यात गुळगुळीत झालेले टायर बदलून त्याच मापाचे, खोल आणि मोकळ्या खाचांचे ऑल-टेरेन टायर घातले, तर फरक लगेच जाणवतो. मडगार्डमधली जागाही शाबूत राहते. गाडी रुतायच्या आधी हवा ३० पीएसआयवरून २० पर्यंत उतरवली, की टायर पसरतो आणि जमिनीला जास्त लांब धरतो. मात्र तेव्हा वेग सायकलचा ठेवा आणि झटक्याने वळू नका, नाहीतर टायर रिमवरून सुटू शकतो. डांबरीला लागताच हवा पुन्हा पूर्ण भरायची. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप गाडीत असेल, तर हे पांदणीच्या तोंडावरच होते.

एवढे करूनही मोठा टायर हवाच असेल, तर पाचही टायरचे पैसे देण्याआधी दुकानदाराला एकच टायर पुढच्या चाकाला चढवून द्यायला सांगा आणि धुऱ्यावरची चाचणी करून या. तयार नसेल तर दुसरे दुकान बघा. बसवल्यावर अलाइनमेंट करून घ्या, पहिल्या शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. आणि जुने टायर एक पावसाळा जाईपर्यंत विकू नका.