पिकअपच्या दाराचं आतलं हँडल : का तुटतं आणि घरच्या घरी कसं बदलायचं



मंडळाचा कार्यक्रम कुठलाही असो, हॉलच्या मागच्या दाराशी एक तरी जुनी पिकअप उभी असतेच. गणपतीचं मखर, सतरंज्या, स्पीकर आणि शंभर माणसांच्या मसालेभाताचं पातेलं काही कोरोलाच्या डिकीत मावत नाही. आम्हा अदलियातल्या चार मित्रांत मिळून अशीच एक टोयोटा हायलक्स आहे, नव्वदच्या दशकातली. आठवडाभर आम्ही चौघेही संगणकापुढे बसलेले, पण इंजिनिअरिंगच्या पदवीला जागून शुक्रवारी सकाळी हातात पाना घेतो. या गाडीच्या दोन्ही दारांची आतली हँडलं आम्ही बदलली, ओळखीच्या दोघातिघांचीही बदलून दिली. त्यातून जे समजलं ते इथे सविस्तर लिहीत आहोत.

हे काम पुढे ढकलू नका

आतलं हँडल तुटलं की बहुतेक जण काय करतात? काच खाली घेतात, हात बाहेर काढतात आणि बाहेरच्या हँडलने दार उघडतात. आठवड्याभरात त्याची सवय होते आणि दुरुस्ती राहून जाते.

पण जरा विचार करा. साध्या पिकअपला दोनच दारं. तीन माणसं पुढे बसली की मधल्याला स्वतःचं दारच नाही. अपघात झाला, गाडीतून धूर यायला लागला, तर घाबरलेल्या माणसाला "काच खाली कर, हात बाहेर घाल" हे सुचेल का? आणि दाराची चौकट वाकून काचच अडकली तर? लहान मुलांचा धोका याहून मोठा. घरासमोर उभ्या, कुलूप न लावलेल्या गाडीत खेळता खेळता एखादं मूल चढतं, दार लागतं, आणि आतलं हँडल मोडकं असतं. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचं तापमान मोजलं होतं. बाहेर २२ ते ३६ अंश सेल्सिअस असताना आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच चाळीस असतात. पुढचं गणित सांगायला नको.

संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली जगभरासाठी समान वाहन-नियम करायला घेतले, तेव्हा २००४ साली आलेला पहिला नियम दाराची कुलपं आणि दार धरून ठेवणारे भाग यांच्याविषयीच होता. दार नको तेव्हा उघडू नये आणि हवं तेव्हा उघडावं, एवढी साधी अपेक्षा. आतलं हँडल त्यातल्या दुसऱ्या अर्ध्या भागाची जबाबदारी घेतं.

हँडल तुटतं का?

हँडल म्हणजे एक तरफ. आपण बोटांनी एक टोक ओढतो, दुसरं टोक दाराच्या पोटातली लोखंडी सळई ओढतं, आणि सळई दाराच्या कडेला असलेल्या लॉकमधला खटका सोडवते. समजा तुमच्या बोटांपासून खिळीपर्यंतचं अंतर सहा सेंटिमीटर आणि खिळीपासून सळईपर्यंतचं दोन. म्हणजे बोटांच्या एक किलो जोराचे सळईवर तीन किलो होतात. हा सगळा भार खिळीजवळच्या बारक्या भागावर येतो, आणि हँडल बहुधा तिथेच तुटतं.

आता बहरीनची हवा त्यात मिसळा. उन्हाने प्लास्टिक वर्षानुवर्षं तापून ठिसूळ होतं. समुद्राच्या खारट दमट हवेने लॉकला गंज चढतो. वाऱ्यासोबत येणारी बारीक वाळू जुन्या ग्रीसमध्ये बसून त्याचा चिकट लगदा होतो. खटका जड होतो, आपण हँडल जास्त जोराने ओढतो, आणि एक दिवस ते हातात येतं.

म्हणून या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आत्ताच सांगतो : नुसतं हँडल बदलून काम होत नाही. जड झालेलं लॉक तसंच ठेवलं तर नवं हँडलही त्याच वाटेने जाणार. आमच्या धंद्यात सांगायचं तर स्क्रीनवरचा एरर मेसेज पुसला म्हणून बग जात नाही.

आधी निदान

स्क्रू खोलण्याआधी दोन मिनिटं तपासणी करा.

१. बाहेरचं हँडल ओढून पाहा. बाहेरून दार हलकेच उघडत असेल, तर लॉक बहुधा ठीक आहे आणि दोष आतल्या हँडलात किंवा सळईत आहे. बाहेरूनही जोर लागत असेल तर लॉक कोरडं पडलंय.

२. आतलं हँडल लुळं लोंबतंय किंवा हलवताना कडकड वाजतंय, तर ते तुटलंय.

३. हँडल अखंड आहे, स्प्रिंगने जागेवर परतही जातं, पण ओढताना काहीच वजन लागत नाही, तर सळई धरणारी प्लास्टिकची क्लिप निसटली किंवा तुटली असणार. अशा वेळी नवं हँडल आणायची गरजच नाही, नवी क्लिप पुरते.

४. चार दारांची डबल कॅब असेल आणि मागचं दार फक्त आतून उघडत नसेल, तर आधी चाइल्ड लॉक पाहा. दार उघडल्यावर त्याच्या कडेला, लॉकच्या जवळ एक बारीक खटका असतो. चुकून तो दाबला गेला असेल तर शून्य फिल्सात दुरुस्ती झाली म्हणायची!

पार्ट घेताना

सलमाबादच्या बाजूला गॅरेज आणि स्पेअर पार्टची दुकानं भरपूर आहेत. जाताना गाडीचा चासी नंबर आणि तुटलेलं हँडल, दोन्ही सोबत न्या. एकाच नावाच्या गाडीत दोनतीन वर्षांच्या फरकाने हँडलची ठेवण बदलते. दुकानात "असली" म्हणजे कंपनीचा पार्ट आणि "तिजारी" म्हणजे बाजारातला स्वस्त पार्ट. तिजारी घेतलात तरी चालेल, पण हातात घेऊन खिळीजवळचा भाग जाड आहे ना आणि स्प्रिंग घट्ट आहे ना, ते पाहा. सळईच्या दोन नव्या क्लिपाही मागून घ्या. जुन्या क्लिपा काढताना बऱ्याचदा तुटतात.

सुट्टीत भारतातून पार्ट आणणाऱ्यांसाठी खास सूचना. पुण्याच्या नाना पेठेत "ड्रायव्हर साइडचं हँडल द्या" म्हणालात तर दुकानदार उजव्या दाराचं देईल, आणि त्याचं काही चुकलेलं नसेल. बहरीनमध्ये १९६७ पासून वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, त्यामुळे इथला ड्रायव्हर डाव्या दाराशी बसतो. म्हणून "ड्रायव्हर साइड" हा शब्दच वापरू नका. गाडीत पुढे तोंड करून बसल्यावरचं डावं की उजवं, एवढंच सांगा. इथल्या दुकानात डावं म्हणजे "यसार" आणि उजवं म्हणजे "यमीन".

प्रत्यक्ष काम

साहित्य : चौफुल्या तोंडाचा आणि चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर, लांब नाकाची पकड, जुनं सुती फडकं, थोडं रॉकेल किंवा ब्रेक क्लीनर, पांढरं लिथियम ग्रीस आणि हातमोजे. दाराच्या आतल्या पत्र्याच्या कडा सुरीसारख्या असतात, हातमोजे विसरू नका. पॉवर विंडो असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर आणि सावलीत करा.

१. दार पूर्ण उघडं ठेवा आणि काच वर करा. काच वर असली की दाराच्या पोटात हात घालायला जागा मिळते.

२. हँडलच्या खोबणीतला स्क्रू काढा. काही गाड्यांत एवढ्यावरच हँडल पुढे किंवा मागे सरकवून बाहेर येतं, पॅनल काढावंच लागत नाही. आधी हे करून पाहा.

३. पॅनल काढावं लागलंच, तर काच फिरवायच्या हँडलची पाळी. त्याच्या मागे घोड्याच्या नालासारखी तारेची क्लिप असते. फडकं हँडल आणि पॅनलच्या मधल्या फटीत घालून, बूट पुसावा तसं दोन्ही टोकांनी मागेपुढे ओढा. क्लिप टपकन निघते. ती उडते, म्हणून दुसऱ्याला हात धरून उभं करा.

४. आर्मरेस्टचे स्क्रू काढा. मग पॅनलच्या खालच्या कोपऱ्यापासून एकेक क्लिप हळूच सैल करत वर या. शेवटी पॅनल वर उचलून काढा.

५. आत काळ्या चिकट गोंदाने लावलेला प्लास्टिकचा कागद दिसेल. तो फाडू नका, लागेल तेवढाच सोडवा. धूळ आणि पाणी तोच अडवतो.

६. सळयांचा मोबाइलवर फोटो काढा. सहसा दोन असतात, एक दार उघडायची आणि एक लॉकची. क्लिप सळईवरून फिरवून बाजूला करा, मग सळई भोकातून बाहेर येते. हिसका देऊ नका, सळई वाकली तर लांबीचा हिशोब चुकतो.

७. आता लॉक. दाराच्या कडेच्या तोंडातून आणि आतून जुना लगदा रॉकेलच्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने साफ करा. रंगावर आणि प्लास्टिकवर उडू देऊ नका. सुकल्यावर लिथियम ग्रीस लावून खटका दहाबारा वेळा हलवा. नुसता पातळ तेलाचा फवारा मारून भागवू नका. तो चार दिवस छान वाटतो, मग उडून जातो.

८. नवं हँडल सळईला जोडा, क्लिप बसवा, स्क्रू लावा. हँडल आराम स्थितीत असताना सळई किंचित सैल हवी. ताणलेली राहिली तर खटका पूर्ण बसत नाही आणि चालत्या गाडीत दार उघडायचा धोका असतो.

दार लावण्याआधीची चाचणी

ही पायरी कितीही घाई असली तरी गाळू नका. पॅनल बसवण्याआधी, दार उघडं असतानाच, स्क्रू ड्रायव्हरच्या दांडीने लॉकचा खटका आत ढकला. दोन वेळा "टक" आवाज येईल. आता आतलं हँडल ओढा, खटका सुटला पाहिजे. पुन्हा ढकला, बाहेरचं हँडल ओढा, पुन्हा सुटला पाहिजे. लॉकचं बटणही वरखाली करून पाहा. हे सगळं तीनतीन वेळा जमलं की मगच दार लावा. सळई नीट जोडलेली नसताना दार लागलं, तर ते उघडायला याच्या चौपट वेळ जातो.

पहिल्या दाराला दीडएक तास लागतो, दुसरं अर्ध्या वेळात होतं. तुटलेलं हँडल गोंदाने चिकटवू नका, ताण नेमका सांध्यावरच येतो. सळईला दोरी बांधून लोंबती ठेवायचा जुगाडही नको. तुम्हाला ती दोरी ठाऊक असते, शेजारी बसलेल्या पाहुण्याला नसते.

तर मंडळी, गाडी पिकअप असो की दुसरी कुठलीही, आज संध्याकाळी एक करा. आत बसा आणि प्रत्येक दार आतल्या हँडलने उघडून बघा. मुलांनाही उघडायला लावा, त्यांच्या बोटांच्या जोराने उघडतंय का ते कळेल. जिथे जड लागेल तिथे आजच ग्रीस लावा, म्हणजे हँडल बदलायची वेळच येणार नाही.



आम्ही अदलियाकर