फुकुशिमाचे किरणोत्सारी पाणी

मार्च 2011 च्या त्सुनामीनंतर जपानमधील फुकुशिमा दाइइची अणुवीजकेंद्रात वितळलेले इंधन थंड ठेवण्यासाठी ओतलेले पाणी किरणोत्सारी झाले. ते शुद्ध करणारी यंत्रे काही महिन्यांतच बसली. अमेरिकेच्या क्युरिऑन आणि फ्रान्सच्या अरेवा या कंपन्यांनी ती पुरवली. क्युरिऑनच्या टाक्यांतील झिओलाइट हे सच्छिद्र खनिज आपल्यातील सोडियम सोडते आणि पाण्यातले सीझियम धरून ठेवते. 2013 पासून आल्प्स ही यंत्रणा 62 किरणोत्सारी द्रव्ये गाळू लागली. ट्रिटियम मात्र निघत नाही, कारण तो हायड्रोजनचाच प्रकार असून पाण्याच्या रेणूतच बसलेला असतो. म्हणून 24 ऑगस्ट 2023 पासून हे पाणी विरळ करून समुद्रात सोडले जाते. शुद्धीकरणाने किरणोत्सार नष्ट होत नाही, तो गाळात साठतो. हा गाळ सांभाळण्याचा खर्च यंत्राच्या किमतीत धरलाच पाहिजे.