मनॉन्गहेलाकाठचे होमस्टेड

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ‘बरो’ म्हणजे आपल्याकडील छोट्या नगरपालिकेसारखे स्वतंत्र कारभार असलेले गाव. पिट्सबर्गजवळ मनॉन्गहेला नदीकाठच्या होमस्टेडला हा दर्जा १८८० मध्ये मिळाला. पुढच्याच वर्षी तेथे पोलाद कारखाना सुरू झाला आणि १८८३ मध्ये तो अँड्र्यू कार्नेगी यांनी विकत घेतला. कारखान्याला पाणी पुरविणारी आणि कोळशाचे तराफे वाहून आणणारी नदी हाच या गावाचा आधार होता. गावावरचे संकटही याच नदीतून आले.

१८९२ मध्ये वेतनकराराची मुदत संपत आली, तेव्हा व्यवस्थापक हेन्री फ्रिक यांना कामगार संघटनाच नको होती. त्यांनी कारखान्याभोवती काटेरी तारांचे कुंपण उभारले व टाळेबंदी केली. सुमारे ३,८०० कामगारांपैकी संघटनेचे सभासद आठशेच्या आसपासच होते. तरीही बाकीचे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ६ जुलैच्या पहाटे पिंकर्टन या खासगी संस्थेचे ३०० सशस्त्र रक्षक दोन तराफ्यांतून आले. बायकामुलांसह सारे गाव काठावर लोटले. दिवसभराच्या चकमकीत सात कामगार व तीन रक्षक मृत्युमुखी पडल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. अखेर रक्षक शरण आले. हा विजय मात्र आठवडाभरही टिकला नाही. गव्हर्नरांनी आठ हजारांहून अधिक सैनिक धाडले, कारखाना पुन्हा सुरू झाला आणि नोव्हेंबरमध्ये संप मोडला. त्यानंतर संघटनेला मान्यता मिळण्यासाठी १९३७ साल उजाडावे लागले.

टाळेबंदीच्या काळात कार्नेगी स्कॉटलंडमध्ये होते. १८९८ मध्ये त्यांनी शेजारच्या मन्हॉलमध्ये पोहण्याचा तलाव व संगीतगृह असलेले भव्य ग्रंथालय उभारून दिले. बारा-बारा तास भट्टीपुढे राबणाऱ्याने तेथे जावे तरी केव्हा?

दुसऱ्या महायुद्धात कारखान्याच्या विस्तारासाठी नदीलगतची वस्ती पाडण्यात आली आणि सुमारे आठ हजार रहिवासी विस्थापित झाले. ज्या कारखान्यासाठी घरे गेली, तोही १९८६ मध्ये बंद पडला. १९२० मध्ये वीस हजारांवर असलेली लोकसंख्या २०१० पर्यंत जेमतेम तीन हजारांवर आली. कारखान्याच्या जागेवर १९९९ मध्ये ‘वॉटरफ्रंट’ हे व्यापारी संकुल उभे राहिले. तेथे बारा धुराडी रांगेने जपून ठेवली आहेत. आणि तराफे जेथे काठाला लागले, तेथील जुने पंपघरही.